पास्ता शिकायला मला तीन रविवार लागले (माझा अनुभव)

लेकीची दहावीची परीक्षा संपली आणि तिनं एकच मागणं केलं, पास्ता घरी कर, बाहेरचा नको. मी राजारामपुरीतनं स्पॅगेटीचं पाकीट आणलं आणि ढोबळी मिरची, गाजर, मक्याचे दाणे घालून चांगला दाट टोमॅटो सॉस केला. चव झकास होती पण ताटात बघितलं तर भाजी सगळी तळाला आणि वर नुसत्या लांबलचक शेवया. सासूबाई म्हणाल्या, "अगं, हे दोन्ही एका घासात येतच नाही की."

तिथंच मला कळलं की चूक सॉसची नाही, आकाराची आहे. स्पॅगेटीला अंगाला चिकटणारा पातळ सॉस लागतो. दुसऱ्या रविवारी त्याच स्पॅगेटीला ऑलिव्ह ऑइलमध्ये मंद आचेवर लसूण आणि कुटलेली संकेश्वरी मिरची परतून घातली, बास, काय सुंदर लागली! आणि तो भाजीचा सॉस पेन्नेत घातला. पेन्ने म्हणजे तिरक्या कापलेल्या नळ्या, त्यातली रेषावाली घ्या, सॉस आतही शिरतो आणि बाहेर रेषांवरही बसतो. फुसिलीच्या पिळात पेस्टो (बेसिलच्या पानांची इटालियन चटणी), बारीक चिरलेल्या भाज्या अडकून राहतात, सॅलडलाही तीच बरी. फार्फाले म्हणजे फुलपाखरं, दिसायला गोड पण मधली चिमटी जाड असते, कडा शिजल्या तरी मध्ये कच्चं राहतं, म्हणून एक मधनं तोडून बघायचंच.

शिजवायचं म्हणाल तर १०० ग्रॅमला १ लिटर पाणी, त्यात साधारण १० ग्रॅम मीठ. पाण्यात तेल घालायचं नाही आणि शिजल्यावर थंड पाण्याखाली धुवायचं नाही (सॅलडचा असेल तर ठीक), मी आधी दोन्ही करत होते आणि त्यानंच सॉस निसटत होता. पाकिटावरच्या वेळेच्या एक-दोन मिनिटं आधी काढून सॉसमध्येच शेवट करायचा, आणि पास्ता उकळलेलं वाटीभर पाणी बाजूला ठेवायचं, त्यातल्या स्टार्चनं सॉस मिळून येतो. पाकीट घेताना ड्युरम व्हीट लिहिलंय का बघा, म्हणजे आपल्याकडं बन्सी म्हणतात तो गहू, मैद्याचा पास्ता लगेच गिचका होतो.

तिसऱ्या रविवारी लेकीनं ओरेक्किएत्ते नावाच्या पास्त्याचा फोटो दाखवला. इटलीच्या दक्षिणेला पुलियात करतात, नावाचा अर्थच छोटे कान. सासूबाई लगेच म्हणाल्या, "हे तर आमच्या वळवटातल्या नखुल्यांसारखंच आहे की गं!" लग्नाच्या रुखवतासाठी त्यांनी गव्हले, नखुले, मालत्या असं हातानं वळलेलं वळवट किती केलंय त्याला गणती नाही. बारीक रवा कोमट पाण्यात घट्ट मळून तासभर झाकला, मग त्यांनी वळीचा एकेक तुकडा सुरीनं ओढून अंगठ्यावर उलटा केला, पहिले चार-पाच बिघडले आणि पुढचे ओळीनं जमले. तिकडं त्यात कडसर पालेभाजी घालतात म्हणून मी लसणावर मेथी परतली, पास्ता शिजवलेलं पाणी दोन पळ्या घातलं, त्या वाटीसारख्या खळग्यात मेथी आणि लसूण नेमके बसले.

आता पुढच्या वेळी चाकवत घालूया असं त्या म्हणताहेत, मला मात्र तो मेथीचा कडूपणाच पाहिजे.