आमची वाटचाल: ओ-रिंगवर टिकलेलं दुकान

म्हापशात दुकान उघडलं तेव्हा आम्ही दोघे भागीदार होतो. हॉटेलांच्या दारातले मेटल डिटेक्टर दुरुस्त करायचे, ओंडक्यातले खिळे शोधायला लाकूड गिरण्यांना हातातली यंत्रं पुरवायची, एवढाच धंदा. किनाऱ्यावर अंगठ्या-साखळ्या शोधणारे नंतर आले आणि पिनपॉइंटरमध्ये, म्हणजे धातू नेमका कुठे आहे ते टोकाने दाखवणाऱ्या हातातल्या छोट्या यंत्रात, आमचं नाव झालं. मग भागीदार गिऱ्हाइकांची वही उचलून पलीकडच्या गल्लीत गेला. 'वॉटरप्रूफ' छापलेले पिनपॉइंटर अर्ध्या किमतीत विकू लागला, वर आम्ही लुटतो असं बाजारभर सांगत फिरला. हॉटेलंही त्याच्यामागे गेली. दुकानाचं भाडं बायकोच्या शिकवण्यांवर निघत होतं. ते मी विसरलेलो नाही. (भागीदारी करणार असाल तर वही आपल्या कपाटात ठेवा, चावी कमरेला.)

तेव्हा आमच्याकडेच येत राहिले ते कळंगुटचे एक निवृत्त तारवटी. उभं आयुष्य बोटीच्या इंजिनखोलीत गेलेलं. "पात्रांव (म्हणजे मालक), आवाज मागाहून ऐकव. आधी झाकण दाखव." मग बॅटरीच्या झाकणाचे आटे, ओ-रिंग (पाणी अडवणारं रबराचं गोल कडं), तिची खाच, सगळं बोटाने चाचपायचे. त्यांचा नारिंगी पिनपॉइंटर, गॅरेट प्रो-पॉइंटर एटी, अजून वाजतो. बदलली ती फक्त ओ-रिंग. भागीदाराचा माल मी टेबलावर उघडून पाहिलाय: ओ-रिंगच्या जागी रबराची चपटी पट्टी, आत सर्किटवर हिरवा थर.

यंत्रावर छापलेला पाणी-धुळीपासूनच्या बचावाचा दर्जा आयपी ६७ म्हणजे एक मीटर गोड्या पाण्यात अर्धा तास. बागा किनाऱ्याच्या खाऱ्या लाटेची हमी त्यात नाही. उन्हात तापलेलं यंत्र तसंच पाण्यात बुडवलं तर आतली हवा आकसते आणि सील पाणी ओढतं. समुद्रावरून आल्यावर गोड्या पाण्याने धुवा, झाकण सुकल्यावरच उघडा, ओ-रिंगला सिलिकॉन ग्रीस लावा.

पिनपॉइंटरच्या टोकात फेराइटची ठिसूळ कांडी असते, तिच्यावर तांब्याच्या तारेचे वेढे. लोक त्याच टोकाने चिऱ्याची माती उकरतात! कांडीला तडा गेला की यंत्र वाजतं, पण दोन बोटं अंतरावरचं नाणं धरत नाही. खणायला खुरपं घ्या. ओल्या खाऱ्या वाळूत उगाच वाजलं तर टोक वाळूला टेकवून बटण दाबा, परत जुळतं. बॅटरी मी नऊ व्होल्टचीच सुचवतो, गावच्या पोसऱ्यावर, म्हणजे छोट्या दुकानातही मिळते. आत कायमची बसवलेली लिथियम बॅटरी मेली तर अख्खं यंत्र फोडावं लागतं.

जुन्या गोव्यात खणायला निघालेल्याला मी यंत्र विकत नाही. संरक्षित जागेत खणणं गुन्हा आहे, आणि जमिनीत दडलेला दहा रुपयांवरचा ठेवा सापडला तरी १८७८ च्या कायद्याने कलेक्टरला कळवावं लागतं. भागीदार असलं काही विचारायचा नाही.

नंतरची वर्षं ठीक गेली. त्याची गिऱ्हाइकं आता दुरुस्तीला आमच्याकडे येतात. बिल पूर्ण लावतो, ओ-रिंगचे पैसे वेगळे.