विसर्ग, डिमर आणि तिसरी घंटा

खडकवासला धरणातून पाणी सोडलं की पुण्यात नारायण पेठेतल्या कार्यक्रमाचा आवाज बिघडतो, असं मला कुणी सांगितलं असतं तर मी हसले असते.

कार्यक्रम नवा कोरा होता. दर महिन्याला एक साथीदार बोलवायचा. तबला, पेटी, सारंगी, काहीही चालेल. अर्धा वेळ गप्पा, अर्धा वेळ वादन. गायकांच्या मुलाखती सगळेच घेतात, शेजारी बसलेल्याला कुणी विचारत नाही, एवढीच कल्पना. सूत्रसंचालन माझं, आणि माणूस कमी पडलं तर सतरंज्या उचलणंही माझंच. पहिले पाहुणे एक ज्येष्ठ तबलावादक. शनिवार, ऑगस्ट महिना, तिकिटावर साडेसहाची वेळ.

तालीम गुरुवारी ठेवावी लागली, कारण हॉल तेव्हाच मोकळा होता. गुरुवारी पुण्यात दुरुस्तीची कामं काढतात. पुणेकर त्यासाठी पाणी भरून ठेवतो, वीज काही भरून ठेवता येत नाही. ती गेली. माइक नाही, दिवे नाहीत. खिडकीच्या उजेडात प्रश्न वाचून घेतले आणि घरी आलो.

शनिवारी आमच्या आधीच्या सत्रात एका नृत्यवर्गाचं संमेलन होतं. आमची वेळ सुरू झाली तरी स्टेजवर पालकांचे फोटो चालूच होते. "ताई, पाचच मिनिटं," असं म्हणत त्यांनी आमच्या साउंड चेकचा बराचसा वेळ खाल्ला. ते गेले, चमकी राहिली. लाकडी फळ्यांच्या फटींत, विंगेतल्या पडद्यावर, जिथे तबला ठेवायचा त्या गालिच्यावरसुद्धा. झाडूने ती निघत नाही, नुसती जागा बदलते. शेवटी ओल्या फडक्याने जेवढी निघाली तेवढी टिपली.

मग माइक लावले आणि स्पीकरमधून जाड घरघर सुरू झाली. साउंडवाल्या दादांनी एकेक वायर काढून बघितली. दहा मिनिटांनी ते वर दिव्यांकडे बघत म्हणाले, "ताई, लाइटवाल्यांनी डिमर आपल्याच लाइनवर टाकलाय." डिमर म्हणजे दिवे कमी-जास्त करायचं यंत्र. दिवे मंद केले की घरघर वाढायची, पूर्ण लावले की कमी व्हायची. ऑफिसमधल्या वेगळ्या पॉइंटवरून लांब वायर ओढून साउंडला वीज दिली, तेव्हा कुठे स्पीकर गप्प झाले. हॉल बघायला जाल तेव्हा खुर्च्या मोजू नका, साउंड आणि लाइट वेगवेगळ्या लाइनवर आहेत का ते विचारा. खुर्च्या लग्नवाल्यांकडून भाड्याने मिळतात.

तोवर पाहुण्यांचा फोन. ते नदीपलीकडे डेक्कनला रिक्षात अडकले होते. दुपारपासून मुठा नदीत धरणाचा विसर्ग वाढवलेला, त्यामुळे बाबा भिडे पूल पाण्याखाली गेलेला. हा पूल नदीपात्रातच ठेंगणा बांधलाय, पाणी वाढलं की आधी तोच जातो. मग सगळी गर्दी बाकीच्या पुलांवर. झेड ब्रिजवरून दुचाकी जाते, रिक्षा नाही. आमच्या तिकीट खिडकीवरच्या मुलाला स्कूटर देऊन पाठवलं. पाहुणे मागे बसून आले, डग्गा प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून पोटाशी धरलेला, तबल्याची पिशवी खांद्याला. वय सत्तरीच्या पुढे. उतरल्यावर त्यांनी आधी तबल्याच्या पुडीवर, म्हणजे वरच्या चामड्यावर, हात फिरवला. "उतरला," म्हणाले. दमट हवेत चामडं सैल पडतं, सूर खाली येतो. हातोडी घेऊन कडेचे लाकडी गट्टे ठोकत बसले. दिव्यांखाली गेल्यावर तोच तबला चढणार होता, म्हणजे स्टेजवर पुन्हा ठोकाठोक.

तिसरी घंटा व्हायला सात वाजले. मी दिलगिरी व्यक्त करेपर्यंत तिसऱ्या रांगेतल्या एका आजोबांनी तिकीट वर धरलं. "साडेसहा छापलंय." माझ्याकडे उत्तर नव्हतं. खरं तर पुलाचं कारण होतं, पण आजोबा स्वतःही त्याच पावसातून साडेसहाच्या आत येऊन बसले होते.

पहिला प्रश्न विचारला आणि मागच्या भिंतीतून ढोल आला. एरवी नदीपात्रात सराव करणारं एक पथक, पात्रात पाणी म्हणून, हॉलमागच्या मोकळ्या जागेत आलं होतं. दारं-खिडक्या लावून ताशाची धार थोडी बोथट झाली, ढोलाचं काहीच झालं नाही. तो खालचा ठोका भिंत मानत नाही, पायातून येतो. आमचा माणूस मागे जाऊन बोलून आला. मुलं भली होती, पण विसर्जन मिरवणूक तोंडावर आणि जागा तीही उसनी. साडेआठला थांबतो म्हणाली. मी पाहुण्यांच्या कानाशी जाऊन विचारलं, वादन शेवटी घेऊ का? ते म्हणाले, "घ्या. गप्पांना काय, मी ओरडून बोलेन."

आणि ते खरंच ओरडून बोलले. गायक मध्यलयीत धाप लागून थांबतो तेव्हा तबलजी काय करतो, ठेका धरून ठेवणं हे तुकडे वाजवण्यापेक्षा का अवघड, असं पुष्कळ. रंगात आलो होतो तेवढ्यात दिवे गेले.

जनरेटर काही सेकंदांत लागला. दिवे आले, माइक नाही आले. माइकचे आवाज जुळवणारा मिक्सर डिजिटल, म्हणजे वीज क्षणभर जरी गेली तरी तो संगणकासारखा पहिल्यापासून सुरू होतो. दादांनी हाताने "थांबा" केलं. मी स्टेजच्या कडेला आले आणि गुरुवारच्या तालमीसारखी नुसत्या गळ्यावर बोलू लागले. "आता ऐकू येतंय," आजोबा म्हणाले. हशा पिकला. मी मात्र मनातून चरकले, कारण त्याचा अर्थ तासभर त्यांना नीट ऐकू येत नव्हतं. मध्यंतरात दादांना पाठवून त्या बाजूचा स्पीकर वळवून घेतला.

साडेआठला ढोल थांबले. दिलेला शब्द मुलांनी पाळला. मग पाऊण तास तबला. त्याबद्दल लिहीत नाही, ते ऐकायचंच होतं.

सोमवारी अनामत रक्कम आणायला गेले तर व्यवस्थापकांनी "स्टेजवर चमकी" म्हणून पैसे कापलेले. तबलजी चमकी कशाला उधळतील, असं विचारलं. त्यांनी वहीत बघितलं, चष्मा काढला, पुन्हा बघितलं आणि निम्मे परत दिले. दुसऱ्या प्रयोगाची तारीख अनंत चतुर्दशीनंतरची घेतली आहे. त्या निम्म्या पैशांत मिक्सरसाठी भाड्याचा यूपीएस बसतो का, ते दादा बघतायत.