आमची वाटचाल: लग्नाच्या फोटोंपासून देशी रोपांपर्यंत

साताऱ्यात आमचा फोटो स्टुडिओ आहे, वडिलांनी सुरू केलेला, आता मी आणि माझा धाकटा भाऊ बघतो. लग्न, मुंज, बारसं, प्री-वेडिंग सगळं करतो. पण आषाढी एकादशी झाली की मुहूर्त बंद ते थेट तुळशीच्या लग्नापर्यंत, आणि दुकानाचं भाडं, पोरांचे पगार काही थांबत नाहीत. रोपांच्या नर्सरीचं बरोब्बर उलटं, पावसाळ्यातच तिथं गर्दी, म्हणून आता आम्ही नर्सऱ्यांसाठी देशी रोपांचे फोटो आणि माहितीची कार्डंही करतो.

2012 ला पश्चिम घाटाबरोबर कास पठाराचं नाव जागतिक वारसा यादीत गेलं, तेव्हापासून फुलांचे फोटो काढणाऱ्यांची काही कमी नाही. आम्हीपण त्यातलेच. त्याच रस्त्याला देशी झाडांची एक नर्सरी आहे, एकदा कासवरून येताना तिथं थांबलो, दोघं कॅमेरे घेऊन फिरत होतो तर तिथले काका म्हणाले, "फुलाचे फोटो सगळेच काढतात रे, पण गिऱ्हाईक घेऊन जातं ते पिशवीतलं चार पानांचं रोप, त्याचा फोटो कुठं आहे?" आमचं हे काम या एका वाक्यावर उभं राहिलं.

कारण खरंच आहे ते. दसऱ्याला आपटा म्हणून कांचनाची पानं सर्रास विकली जातात, मग रोप घेताना कोण ओळखणार? दोन्हीचं पान दुभंगलेलं, पण आपट्याचं लहान, जाडसर, लांबीपेक्षा रुंदीला जास्त, आणि कांचनाचं चांगलं मोठं. फोटोत आकार कळत नाही म्हणून आम्ही प्रत्येक पानाशेजारी पट्टी ठेवतो. सीताअशोकाचं तर अजून वेगळंच, त्याची कोवळी पानं तांबूस असतात आणि लोंबतात, लोकांना वाटतं रोप सुकलंय, परत ठेवून देतात! आता लोंबणाऱ्या पानांचा फोटो आणि खाली दोन ओळी असं कार्ड त्या वाफ्यापाशीच लावलंय, मग काकांना दरवेळी समजवत बसावं लागत नाही.

फोटो काढताना खरी अडचण हिरव्या शेडनेटची, म्हणजे रोपांवरच्या सावलीच्या जाळीची. नेटखाली सगळ्याला हिरवी झाक येते, तांबडी पालवी मातकट दिसते, कॅमेऱ्यात व्हाइट बॅलन्स करून रंग कितीही सुधारला तरी मन भरत नाही. म्हणून रोप उचलून बाहेर उघड्यावर आणतो, मागं काळं कापड, आणि ढगाळ दिवस असेल तर सोन्याहून पिवळं. ओल्या पानांवर चमक येते ती कमी करायला लेन्सला पोलरायझर फिल्टर लावायचा. पूर्ण रोप, पान पुढून, पान मागून, खोड, शेंडा एवढं प्रत्येकाचं घ्यायचंच. पिशव्या भरणाऱ्या मावशींना कुठलं रोप फोटो काढण्यासारखं झालंय हे आमच्याआधी दिसतं, त्या हाक मारतात.

कार्डावर झाड कुठं लावायचं हेपण लिहितो, आणि मला तर हेच सगळ्यात महत्त्वाचं वाटतं, कारण आपल्या एकाच जिल्ह्यात महाबळेश्वरला 5,000 मिमीच्या वर पाऊस आणि माण-खटावला जेमतेम 500 च्या आसपास. अंजनी घाटाकडं शोभते, माणात हिवर, खैर, बोर लावा ना. गुलमोहर आणि ग्लिरिसिडिया ही बाहेरची झाडं रस्तोरस्ती झालीत, आपली झाडं लोकांना निदान दिसली तरी पाहिजेत.

काकांच्या कार्डांमुळं अजून नर्सरीवाल्यांची कामं आली, शाळांची आली. लग्नाइतके पैसे यात नाहीत, पण पावसाळ्यातलं भाडं निघतं, आणि हे काम आम्ही सोडणार नाही.

सध्या बियांचे फोटो चालू आहेत. बहाव्याची बी टणक, घासल्याशिवाय लवकर रुजत नाही, तर घासलेली आणि न घासलेली शेजारी शेजारी ठेवून घेतोय. काटेसावरीची बोंडं ऐन लग्नसराईत फुटतात, तेव्हा हॉलवर भाऊ जातो आणि सकाळी ऊन चढायच्या आत मी नर्सरीत.