तडकलेले एक्सल हौसिंग आणि सतरा दिवसांचा दांडा : माझा अनुभव

माझी जुनी फोर-बाय-फोर जीप ही माझ्यासाठी हौसेची वस्तू नाही. आमचे शेत कास पठार ओलांडून बामणोलीकडे उतरताना आत वळणाऱ्या कच्च्या वाटेवर आहे. शेवटच्या तीन किलोमीटरांत जांभ्याचे उघडे दगड आहेत, दोन ओढे आहेत आणि पावसात पाय ठरणार नाही अशी तांबडी माती आहे. म्हणून गेल्या चैत्रात मागच्या एक्सलच्या हौसिंगला, म्हणजे मागच्या चाकांना जोडणाऱ्या आसाच्या कवचाला, तडा गेल्याचे लक्षात आले, तेव्हा मृगाच्या आत गाडी पुन्हा चाकांवर उभी राहिली पाहिजे, एवढा एकच विचार माझ्या मनात होता.

त्याआधी तीन महिने मागच्या एक्सलमधून तेल गळत होते आणि मी व माझा नेहमीचा मेकॅनिक चाकाशी तेल अडवणाऱ्या ऑइल सीललाच दोष देत होतो. सील दोनदा बदलले, आतली हवा बाहेर सोडणारा तुंबलेला ब्रीदर साफ केला, तरी गळती थांबेना. वास्तविक तेल चाकाच्या ड्रमपाशी नव्हतेच. ते एक्सलच्या मधल्या ओतीव भागातून पोलादी नळी जिथे बाहेर पडते, तिथे धुळीत मिसळून काळ्या लगद्यासारखे साचत होते. अशा जागी तेल दिसले तर सील बदलण्यात पैसे घालवू नयेत. ती जागा रॉकेलने धुऊन कोरडी पुसली, तिच्यावर खडूची पूड चोळली आणि गाडी यवतेश्वरच्या घाटातून फिरवून आणली, तेव्हा पांढऱ्या पुडीवर केसाएवढी ओली रेघ स्पष्ट उमटली होती.

ही रचना दुसऱ्या महायुद्धातल्या विलीज जीपपासून चालत आलेली आहे. मध्ये डिफरन्शियलचे, म्हणजे दोन्ही चाकांना शक्ती वाटून देणाऱ्या गिअरसंचाचे, ओतीव घर असते, त्याच्या दोन्ही बाजूंना पोलादी नळ्या दाबून बसवलेल्या असतात आणि घराच्या भोकांतून वेल्ड भरून त्या जखडलेल्या असतात. गाडीचा भार नळीवरच्या पाट्यांच्या (स्प्रिंगच्या) बैठकीवर येतो आणि दगडावरून चाक आदळले की सगळा हिसका नळी व ओतीव भाग यांच्या सांध्यावर बसतो. माझ्या गाडीची डावी बैठक पूर्वी कोणीतरी नळीभोवती संपूर्ण वेढा देऊन वेल्ड केली होती. त्या जादा उष्णतेने नळी ताणली गेली असणार आणि तडा त्याच बाजूला गेला होता, याला मी योगायोग मानत नाही.

गाडी घोड्यांवर (स्टँडवर) चढवणे, पाटे व यू-बोल्ट सोडवणे, प्रोपेलर शाफ्ट उतरवणे आणि एक्सल शाफ्ट ओढून काढणे हे सर्व एका रविवारी उरकले.

सातारा शहरातल्या ज्या वयस्क वेल्डरकडे मी हौसिंग नेले त्यांना सगळे मामा म्हणतात. त्याआधी दोन ठिकाणी मला ‘ठेवून जा, संध्याकाळी मारून देतो’ असे उत्तर मिळाले होते. मामांनी मात्र हौसिंग उलटसुलट करून पाहिले आणि विचारले, ‘‘दादा, सरळ आहे का हे? कशावरून?’’ मला उत्तर देता आले नाही. वेल्ड थंड होताना आकसतो आणि नळीला आपल्याकडे ओढतो. मग नळीचे टोक जरासे जरी कलले तरी नवे सील पुन्हा गळते, बेअरिंग तापते, शाफ्टचे दाते झिजतात आणि टायर एका कडेने खाल्ला जातो. हौसिंग सरळ आहे का हे तपासायला आणि वेल्ड करताना ते सरळच ठेवायला चार चकत्या लागतात, दोन डिफरन्शियलच्या बेअरिंगच्या जागी आणि दोन नळ्यांच्या टोकांशी. त्यांच्या भोकांतून एक सरळ, घासून काढलेला दांडा आरपार जातो आणि तो आत ठेवूनच वेल्ड करायचा असतो. ‘‘आधी दांडा आणा, मग मी वेल्डिंगचा रॉड लावतो,’’ असे सांगून त्यांनी हौसिंग परत दिले. त्या दिवशी मला याचा राग आला होता. आज मी त्यांचा ऋणी आहे.

इथून पुढचे सतरा दिवस मी विसरू शकत नाही. एमआयडीसीतल्या एका मशीन शॉपच्या मालकांनी काम ऐकून घेतले, ‘‘दोन दिवसांत देतो’’ म्हणाले आणि हौसिंग दाराशेजारी भिंतीला टेकवून ठेवून घेतले. तिसऱ्या दिवशी गेलो तर लेथवर कंपनीच्या ऑर्डरचा माल चढलेला होता. पाचव्या दिवशी ऑपरेटर गावच्या यात्रेला गेलेला होता. आठव्या दिवशी दांड्यासाठी सळई आणलेली दिसली आणि मला हायसे वाटले, परंतु तिच्यावर हात फिरवला तेव्हा ती काळी, न घासलेली आणि डोळ्यांनाही वाकडी दिसणारी निघाली. प्रत्येक वेळी उत्तर एकच होते, ‘‘उद्या या, साहेब.’’ नाही म्हटले असते तर मी त्याच दिवशी दुसरीकडे गेलो असतो. नकार न देता माणसाला अकरा हेलपाटे घालायला लावणे हा माझ्या मते त्याच्या वेळेचा सरळसरळ अपमान आहे. एक-दोन नगांचे सुटे काम त्यांना परवडत नाही, हे मी समजू शकतो. पण ते पहिल्याच दिवशी सांगण्याला काहीच खर्च नव्हता. तेराव्या दिवशी तर मला हौसिंग उघड्या आवारात, वळवाच्या पावसात भिजलेले सापडले आणि बेअरिंगच्या घासलेल्या बैठकांवर तांबूस गंज चढलेला होता. मी तिथेच बसून तो तेलाच्या फडक्याने पुसला. त्यानंतरही चार दिवस मी वाट पाहिली, ही माझी चूक झाली. अशा वेळी काम लेथवर चढण्याची तारीख लिहून घ्यावी, ती टळली की वस्तू उचलावी आणि मुख्य म्हणजे हे सर्व गाडी खोलण्याच्या आधी ठरवून ठेवावे.

अठराव्या दिवशी मेहुण्याच्या पिकअपमध्ये हौसिंग टाकून मी कोल्हापूरचे शिवाजी उद्यमनगर गाठले. तिथल्या एका लहान गाळ्यातल्या टर्नरने मायक्रोमीटरने चकत्या बसायच्या चारही जागा मोजल्या, आकडे खडूने पत्र्यावर लिहिले, घासलेला दांडा दुकानातून आणायला लावला आणि दिवे लागणीला चार चकत्या माझ्या हातात ठेवल्या. दांडा चारही चकत्यांमधून हाताच्या दाबाने सरकत गेला, म्हणजे हौसिंग अजून सरळ होते. परतीच्या वाटेवर कराडला चहा घेतला, तेव्हा कित्येक दिवसांनी मन शांत होते.

एक गोष्ट आधीच सांगायला हवी होती. डिफरन्शियल काढताना दोन्ही बेअरिंग कॅपवर पंचने डाव्या-उजव्या खुणा कराव्यात, कारण त्या अदलाबदल करता येत नाहीत. शिमही (फट भरणाऱ्या पातळ कड्या) बाजूनुसार वेगवेगळ्या पिशव्यांत ठेवावेत.

मामांचे काम मी पूर्ण वेळ उभे राहून पाहिले. त्यांनी लाल रंग व पांढरी पावडर यांच्या स्प्रेने तड्याची खरी टोके शोधली आणि ती डोळ्यांना दिसत होती त्यापेक्षा पुढे गेलेली निघाली. दोन्ही टोकांना ३ मिलिमीटरची भोके पाडून तड्याची धाव थांबवली आणि ग्राइंडरने इंग्रजी व्ही अक्षरासारखी खाच घेतली. गॅसने तापवताच धुतलेल्या, कोरड्या दिसणाऱ्या धातूतून तेल बुडबुड्यांनी वर आले. हे तेल जाळून न काढता वेल्ड केले तर आत छिद्रे राहतात. ओतीव भाग २५० अंशांच्या आसपास गरम ठेवून त्यांनी निकेल-लोखंडाचा रॉड वापरला. तो साध्या रॉडपेक्षा फार महाग असतो, पण ओतीव धातू आणि पोलाद यांना जोडताना तिथे काटकसर करू नये. एका वेळी इंचभरच वेल्ड, लगेच गोल तोंडाच्या हातोडीने हलके ठोके, मग विरुद्ध बाजूला पुढचा इंच, असे दोन तास चालले. शेवटी सांधा कोरड्या चुन्याच्या पुडीत रात्रभर झाकून ठेवला.

सकाळी तांब्याच्या हातोडीने दांडा बाहेर काढला. परत घालून पाहिला तेव्हा तो शेवटच्या चकतीशी अडला. मामांनी नळीच्या विरुद्ध बाजूला रुपयाएवढा ठिपका लाल होईपर्यंत तापवला, तो निवू दिला आणि पुन्हा पाहायला सांगितले. या वेळी दांडा माझ्याच हाताने आरपार गेला आणि तो क्षण मला फार मोलाचा वाटतो.

जोडणी झाल्यावर ईपी ९० गिअर ऑइल भरले आणि सांध्यावर मुद्दाम पांढरा रंग दिला, म्हणजे नवा तडा गेला तर रेघ लगेच दिसेल. मृगाच्या दोन दिवस आधी भाताचे बियाणे जीपमधूनच शेतावर पोहोचले. संपूर्ण पावसाळाभर दर रविवारी मी गाडीखाली जाऊन ती जागा पुसत आलो आहे आणि चिखलाखालचा रंग अजून कोरडा आणि अखंड आहे.