रविवार, १० मार्च २०२४ : ‘इन्व्हिन्सिबल शील्ड’ ऐकताना

परवा, महाशिवरात्रीच्या दिवशी, जूडास प्रीस्ट या हेवी मेटल बँडचा ‘इन्व्हिन्सिबल शील्ड’ हा नवा अल्बम आला. संध्याकाळी उपवासाची खिचडी आटोपली आणि मी तो हेडफोन लावून सलग ऐकला. काल दोनदा ऐकला, आणि आज पहाटे पुन्हा एकदा. १९६९ मध्ये बर्मिंगहॅमला सुरू झालेल्या या बँडचा हा एकोणिसावा स्टुडिओ अल्बम आहे आणि गायक रॉब हॅल्फर्ड आता बहात्तर वर्षांचे आहेत. या वयात त्यांनी लय थोडी सैल केली असती आणि जुन्या गाण्यांच्या पुण्याईवर दौरे केले असते, तर मला त्यात काही गैर वाटले नसते. २०१४च्या ‘रिडीमर ऑफ सोल्स’मध्ये मला तशी चाहूलही लागली होती, २०१८च्या ‘फायरपॉवर’ने ती खोटी ठरवली, आणि नवा अल्बम तर माझ्या कानांना त्याहूनही जड वाटतो.

हे जडपण केवळ आवाज वाढवून येत नाही. उजव्या तळव्याची कड गिटारच्या ब्रिजजवळ, म्हणजे तारा जिथे खोडाला टेकतात तिथे, तारांवर टेकवून स्वर दाबून धरायचा आणि त्याच हाताने वेगात आघात करत राहायचे. तळवा किंचित उचलला गेला तर स्वर पसरतो, किंचित अधिक दाबला तर तो मरतो. दोन गिटार हे एकाच वेळी, एकाच मापाने करतात, तेव्हा ऐकणाऱ्याच्या छातीवर वजन आल्यासारखे होते. पहिल्या ‘पॅनिक अटॅक’ या गाण्यात सुरुवातीचे सूर बँडच्या १९८६च्या ‘टर्बो’ अल्बमची आठवण करून देतात, आणि मग स्कॉट ट्रॅव्हिसच्या ड्रम्ससह गिटार असे कोसळतात की मी पहिल्यांदा ऐकताना खुर्चीत सरळ होऊन बसलो.

बँडचे गिटारवादक ग्लेन टिप्टन यांना कंपवात असल्याचे २०१८ मध्ये जाहीर झाले, आणि तेव्हापासून ते पूर्ण दौरे करत नाहीत. तरीही या गाण्यांच्या रचनेचे श्रेय हॅल्फर्ड आणि दुसरे गिटारवादक रिची फॉकनर यांच्याबरोबर त्यांचेही आहे. हे मी कोरडेपणाने वाचू शकत नाही, कारण माझ्या बाबांनाही गेली चार वर्षे कंपवात आहे. सदऱ्याची वरची गुंडी लावताना त्यांचा अंगठा काजापाशी जाऊन थांबतो, थरथरतो, पुन्हा मागे येतो. मी पुढे झालो तर ते मान हलवून नको म्हणतात आणि गुंडी स्वतःच लावतात, त्याला कितीही वेळ लागो.

फॉकनर यांचीही कथा अशीच अंगावर येणारी आहे. सप्टेंबर २०२१ मध्ये अमेरिकेतील लुईव्हिलच्या महोत्सवात ‘पेनकिलर’ वाजवत असताना त्यांची महाधमनी फाटली; त्यांनी गाणे पूर्ण केले, आणि त्यानंतर दहा तासांहून अधिक काळ चाललेल्या शस्त्रक्रियेतून ते वाचले. नव्या अल्बममधील त्यांचे एकल वादन ऐकताना मला हे प्रत्येक वेळी आठवते. ‘डेव्हिल इन डिस्गाइज’ तेवढे मला बेतास बात वाटले. शेवटचे ‘जायंट्स इन द स्काय’ मात्र मी चारही वेळा डोळे मिटून ऐकले. त्याच्या मध्यावर सगळा गडगडाट थांबून साधी ॲकूस्टिक गिटार वाजू लागते, तेव्हा इतका वेळ अंगावर किती भार होता ते एकदम जाणवते.

आज दुपारी बाबांनी विचारले, “काय एवढं ऐकतोयस दोन दिवस?” त्यांनी आयुष्यभर नाट्यगीते ऐकली आहेत. मी त्यांना टिप्टन यांच्याविषयी सांगितले आणि हेडफोन त्यांच्या कानांवर नीट बसवून शीर्षकगीत लावले. सहा मिनिटे ते काहीच बोलले नाहीत. मग हेडफोन काढून त्यांनी विचारले, “यातला आजारी माणसाचा हात कुठला?”

“बाबा, मलाही नाही ओळखता येत,” मी म्हणालो.

“परत लाव,” ते म्हणाले.