सोळा तासांची बॅग

लांबच्या फ्लाइटची केबिन बॅग आपल्याकडे सगळ्यात शेवटी भरतात. आधी २३ किलोच्या दोन मोठ्या बॅगा, त्या काट्याला लटकवायच्या, काटा साडेचोवीस दाखवतो म्हणून घरातल्या सगळ्यांनी मिळून त्या काट्यालाच नावं ठेवायची, आणि मग त्यातनं जे उपसावं लागतं, चकल्यांचा डबा, जावयाचा कुर्ता, कोणाच्या तरी पोराची मराठी पुस्तकं, ते सगळं केबिन बॅगेत जाऊन बसतं. ही बॅग घेऊन माणूस सोळा तास एका खुर्चीत बसणार आहे आणि तेव्हा त्याच्या हाताला काय लागणार आहे, हा विचार डोक्यात येतो तेव्हा खाली कॅबवाला हॉर्न देत असतो.

आणि सोळा तास हे नुसते मुंबई ते न्यूयॉर्कचे हं. पुण्याच्या माणसाचा प्रवास त्याच्या आधी कितीतरी तास सुरू होतो, फ्लाइट मध्यरात्रीनंतरची, म्हणून संध्याकाळीच निघायचं, एक्स्प्रेसवेवर घाटात अडकायचं, मग मुंबई विमानतळाच्या टी-टू टर्मिनलच्या दारात पासपोर्ट दाखवायला लाइन, बॅगा द्यायला लाइन, इमिग्रेशनला लाइन.

आमच्या घरी कोणी परदेशी निघालं की बॅग बघायला मला बोलावतात. मागे मावशी आणि काका न्यू जर्सीला निघाले होते, लेकीच्या बाळंतपणाला. पलंगावर केबिन बॅग उघडीच होती, आत डिंकाचे लाडू, अळीव, बाळंतशोपा, मेतकुटाची भलीमोठी बरणी, साजूक तूप, खोबऱ्याच्या वाट्या आणि जुन्या मऊ साड्यांची दुपटी. म्हटलं, मावशी यात तुझं काय आहे? तर म्हणाली, "माझं काय असायचंय, मी नुसती बसणारच आहे ना!"

आता या बॅगेला सिक्युरिटीत काय झालं असतं बघा. तुपापासून सुरू करू. २००६ मध्ये लंडनहून निघणाऱ्या विमानांमध्ये द्रव स्फोटकं नेण्याचा कट पकडला गेला, तेव्हापासून १०० मिलीचा नियम आला, आणि तूप, लोणचं, चटणी, श्रीखंड, खोबरेल तेल हे सगळं त्यात धरतात. मावशीचा युक्तिवाद असा की तूप थिजलंय, बरणी उलटी केली तरी हलत नाही, मग ते द्रव कसं? (लॉजिक तसं बिनतोड आहे, पण तपासणीच्या टेबलाशी ते चालत नाही, जे फासता येतं ते लिक्विडमध्येच जातं.) शिवाय १०० मिली हे बाटलीच्या मापाला असतं, आत किती आहे त्याला नाही. म्हणजे २०० मिलीच्या बाटलीत तळाला चमचाभर खोबरेल उरलंय म्हणून नेलं तरी ती बाटली कचऱ्याच्या डब्यातच जाणार. युरोपात काही विमानतळांवर नवे स्कॅनर बसल्यामुळे आता सूट मिळते असं ऐकून लोक हुरळून जातात, पण वाटेत फ्लाइट बदलताना पुन्हा तपासणी झाली आणि तिथे जुनाच नियम असला तर सूट वगैरे काही नाही.

मेतकुटाचं प्रकरण याहून भारी. २०१८ पासून अमेरिकेला जाणाऱ्या फ्लाइटवर हातातल्या सामानात ३५० मिलीपेक्षा जास्त कुठलीही पूड असली की तिची वेगळी तपासणी होते. ३५० मिली म्हणजे साधारण कोल्ड्रिंकचा एक कॅन. त्यात भाजणी, गोडा मसाला, सत्तूचं पीठ, नाचणीसत्त्व, मेतकूट, म्हणजे थोडक्यात आपलं आख्खं स्वयंपाकघरच आलं. आता पिवळी पूड, हिंगाचा वास, घरगुती बरणी, वर लेबल नाही, आणि हे काय आहे ते रात्री दीड वाजता हिंदीत समजावून सांगायचं. मेतकूट हिंदीत समजावून दाखवा मला कोणीतरी. बाळाचं दूध पावडर आणि औषधं यांना सूट आहे, पण मऊ भात आणि मेतकूट हे आपल्याला कितीही औषध वाटलं तरी त्यांना वाटत नाही. ते चेक-इनलाच टाकायचं.

खोबऱ्याचं मात्र उलटं. सुक्या खोबऱ्याच्या वाट्या चेक-इनमध्येच घेत नाहीत, कारण त्यातल्या तेलामुळे ते आपोआप तापून पेट घेऊ शकतं, आणि धोकादायक सामानाच्या जागतिक यादीत खोबरं चक्क त्याच वर्गात आहे. आपण ते फडताळात वर्षानुवर्षं ठेवतो, काही होत नाही, पण विमानाच्या पोटात ढीगभर सामानाखाली दबलेलं असताना कोण धोका पत्करणार. खोबरं घरीच राहिलं, तिकडे किसलेलं मिळतं.

आणि दुबईमार्गे जाणाऱ्यांनी एक लक्षात ठेवा, खसखस. संयुक्त अरब अमिरातीत खसखशीवर बंदी आहे, अमली पदार्थांच्या कायद्यात येते ती. म्हणजे दिवाळीनंतर प्रेमाने बांधून दिलेले अनारसे. कोणी नेले आणि काही झालं नाही असे किस्से मला सांगू नका, ज्याचं काही झालं तो किस्से सांगायला येत नाही.

तर एवढं सगळं बाहेर काढल्यावर बॅग निम्मी रिकामी झाली आणि मावशीचा चेहरा उतरला. मग मी तिला म्हटलं, आता तुझं भरू.

माझं ठाम मत असं आहे की केबिन बॅग भरायची नसतेच, तिच्या आत एक पिशवी असते ती भरायची असते. कारण विमान फुल असलं की वरचे कप्पे भरतात आणि शेवटी चढणाऱ्यांच्या चाकाच्या बॅगा गेटवरच काढून घेऊन खाली टाकतात. तेव्हा मागे पन्नास माणसं उभी असताना बॅग जमिनीवर उघडून गोळ्या शोधायच्या हा प्रकार कोणावर येऊ नये. आत एकच पिशवी असली की ती खसकन ओढायची आणि बॅग देऊन टाकायची. नाही घेतली बॅग तर ती वर ठेवायची आणि पिशवी समोरच्या सीटखाली पायाशी. आतल्या सीटवरनं दोन झोपलेल्या माणसांना ओलांडून वरचा कप्पा उघडायला जाणारी माणसं मी बघितली आहेत, आणि त्यांना कप्प्यातनं काय हवं असतं, तर चष्मा.

मावशीने साडीच्या दुकानातली कापडी पिशवी काढली, एक बंद तुटून काळ्या दोऱ्याने शिवलेला. म्हटलं झकास, हीच. त्यात सगळ्यात आधी पासपोर्टचं पाकीट, आणि त्यात एक कागद, ठळक अक्षरात लेकीचा पूर्ण पत्ता, फोन, परतीच्या तिकिटाची तारीख. हे मोबाइलमध्ये आहे म्हणून काका कुरकुरले. म्हटलं काका, तुम्ही उतराल तेव्हा मोबाइलची बॅटरी संपलेली असेल आणि नसली तरी तिकडचं नेटवर्क लागलेलं नसेल, आणि इमिग्रेशनच्या खिडकीतला माणूस विचारणार कुठे राहणार, किती दिवस. त्यांनी मग स्वतःच्या अक्षरात दुसरी कॉपी केली आणि शर्टाच्या खिशात ठेवली.

मग गोळ्या. तो सोमवार-मंगळवारचा प्लॅस्टिकचा डबा घरात ठीक आहे, पण प्रवासात आख्ख्या स्ट्रिप्स, नाव दिसेल अशा, आणि डॉक्टरांची चिठ्ठी, तिच्यावर औषधाचं मूळ नाव लिहिलेलं, कारण आपल्याकडची कंपनीची नावं तिकडे कोणाला कळत नाहीत. काकांचं इन्सुलिन कधीही चेक-इनला नाही. खालच्या गारठ्यात ते गोठू शकतं, आणि एकदा गोठलेलं इन्सुलिन फेकूनच द्यायचं. बॅग हरवायची शक्यता वेगळीच.

बाकी पिशवी ही विमानातल्या हवेसाठी. आत दाब जो ठेवतात तो सहा ते आठ हजार फुटांवरच्या हवेइतका असतो. कळसूबाई साधारण ५,४०० फूट, म्हणजे आपण सीटबेल्ट बांधून महाराष्ट्रातल्या सगळ्यात उंच शिखराच्याही वर बसलेलो असतो, तेही ट्रेक न करता. म्हणून चिवड्याचं पाकीट टम्म फुगतं आणि क्रीमची ट्यूब उघडली की आपोआप वाहायला लागते. दमटपणा २० टक्क्यांच्या खाली, मुंबईच्या माणसाला तर हे वाळवंटच. तेव्हा व्हॅसलीनची छोटी डबी, चढता-उतरताना कानांना दडे बसतात त्यासाठी आवळासुपारी, आणि रिकामी बाटली जी सिक्युरिटीनंतर भरून घ्यायची. सैल मोजे आणि दहा सेकंदांत घालता-काढता येतील अशा रबरी स्लिपर. बसून बसून पाय सुजतात, बूट काढले की परत चढत नाहीत, मग लोक मोज्यांवर टॉयलेटला जातात. तिथे जमिनीवर जे ओलं असतं ते पाणी नसतं एवढंच सांगते, पुढे जात नाही.

खायला दशम्या आणि कोरडी दाण्याची चटणी. कोरडं घन खाणं नेता येतं, त्याला कोणी काही म्हणत नाही. चटणी का, तर वर जिभेला मीठ आणि साखर दोन्हींची चव कमी जाणवते. जर्मनीतल्या फ्राउनहोफर संस्थेने लुफ्थान्झासाठी याचा रीतसर अभ्यास केलाय, कमी दाबाच्या केबिनमध्ये माणसं बसवून जेवायला घालून. तेव्हा विमानातलं जेवण पांचट असतं त्यात आचाऱ्याचा सगळाच दोष नसतो. फळं मात्र उतरायच्या आधी संपवायची, अगदी विमानात दिलेलं सफरचंद सुद्धा. पर्समध्ये राहिलं आणि अमेरिकेत उतरल्यावर सांगितलं नाही तर दंड होतो.

पॉवर बँक कायम हातातल्या सामानात, खाली नाही, कारण पेटली तर वर कोणीतरी विझवू शकतं. त्यावर वॉट-अवर, म्हणजे आत किती वीज मावते ते, लिहिलेले असतात, १००च्या आत हवेत, आपली नेहमीची २०,००० एमएएचवाली ७४ च्या आसपास असते, चालते. पण जानेवारी २०२५ मध्ये कोरियात बुसानला उभ्या असलेल्या विमानाला आग लागली, संशय पॉवर बँकवर गेला, आणि तेव्हापासून बऱ्याच एअरलाइन्स ती वरच्या कप्प्यात ठेवू देत नाहीत, काही तर वापरूही देत नाहीत. म्हणून तीही पायाशी. वायरचे इअरफोन घ्या, समोरच्या स्क्रीनला ब्लूटूथ चालेलच असं नाही. पेन आता फारसं लागत नाही, आपल्याकडचा जातानाचा फॉर्म २०१७ लाच बंद झाला, पण काकांनी दोन घेतली.

एवढं झाल्यावर बॅग सात किलोच्या आत आली आणि मावशीला वाटलं आपण लेकीकडे रिकाम्या हाताने चाललोय. शेवटी लाडूंचा डबा परत आत गेला. लाडू घन आहेत, मी काही बोलले नाही.

परतीच्या बॅगेचं तर विचारूच नका. परवा तिकडनं व्हिडिओ कॉल आला, मांडीवर नातू, मागे टेबलावर बदामाची पाकिटं रचलेली. म्हणे, "अगं, हे मोठ्या बॅगेत बसत नाहीये, केबिनमध्ये चालतं का?"

"चालतं की, पण वजन बघ. आणि तुझी पिशवी कुठेय?"

"पिशवीतच भरतेय ना."

"मग गोळ्या, मोजे, स्लिपर?"

"ते काकांच्या खिशात."