गाव बदललं की चिन्ह बदलायचं : १९७७ च्या प्रचाराचा माझा अनुभव

१८ जानेवारी १९७७ च्या संध्याकाळी इंदिरा गांधींनी आकाशवाणीवरून लोकसभा निवडणूक जाहीर केली, तेव्हा विरोधकांचे कितीतरी कार्यकर्ते मिसाखाली, म्हणजे विनाचौकशी अटकेच्या कायद्याखाली, तुरुंगात होते. पाच दिवसांनी, २३ जानेवारीला, जनता पक्ष उभा राहिला. मतदान १६ ते २० मार्चदरम्यान. म्हणजे जेमतेम दोन महिने, तेही ऐन सुगीचे.

आज त्या निवडणुकीतल्या मोठ्या सभांचं बोललं जातं. आमचा जीव मात्र चिन्हात अडकला होता. जनता पक्षाची नोंदणीच झालेली नव्हती, म्हणून उमेदवार भारतीय लोकदलाच्या चिन्हावर उभे राहिले : चक्रातला नांगरधारी शेतकरी. त्यात मराठवाड्यात विरोधकांनी आघाडी करून जागा वाटून घेतलेल्या. औरंगाबाद, जालना, हिंगोलीत जनता. नांदेड, परभणी, लातूरला शेकाप (शेतकरी कामगार पक्ष). बीडला मार्क्सवादी कम्युनिस्ट, त्यांचा विळा-हातोडा-तारा. समोर सगळीकडे काँग्रेसचं एकच गाय-वासरू, गेल्या निवडणुकीपासून लोकांच्या डोळ्यात बसलेलं.

अंबाजोगाईची लेक लातूरला दिलेली, म्हणजे माहेरी एक चिन्ह आणि सासरी दुसरं. आठवडी बाजारात हद्दीपलीकडच्या गावांची माणसं येतात, तिथं पत्रकं वाटली की घोटाळा ठरलेला. त्यामुळे पत्रक हातात देण्याआधी गाव विचारायचं, हा पहिला नियम. त्यातून मतदारसंघांच्या हद्दी नव्यानं आखलेल्या. हिंगोली हा मतदारसंघच पहिल्यांदा होत होता. जुन्या अंदाजवह्या उपयोगाच्या नव्हत्या. विधानसभा क्षेत्रवार गावांची यादी हातानं उतरवून प्रत्येक जीपमध्ये ठेवली, तेव्हा कुठं गाडी रुळावर आली.

अर्ज भरायला तेव्हा अनामत ५०० रुपये होती, अनुसूचित जाती-जमातीच्या उमेदवाराला २५०. सूचक म्हणून तेव्हा एक मतदार पुरायचा. अर्ज अडतो तो बारीक गोष्टींनी. उमेदवार दुसऱ्या मतदारसंघातला मतदार असेल तर यादीतल्या नोंदीची प्रमाणित प्रत लागते. यादीतलं नाव आणि अर्जावरचं नाव अक्षराला अक्षर जुळलेलं बरं. शपथ छाननीच्या आधी घ्यावी लागते; माणूस तुरुंगात असेल तर ती तुरुंग अधीक्षकापुढे होते, आणि तो कागद वेळेत बाहेर आणणं हे एका माणसाचं पूर्ण काम.

सगळ्यात धाकधूक पक्षाच्या पत्राची. अमुक उमेदवार आमचा, असं अधिकृत पदाधिकाऱ्याच्या सहीचं पत्र तेव्हाच्या नियमानं माघारीच्या शेवटच्या दिवशी दुपारी ३ च्या आत निवडणूक अधिकाऱ्याकडे पोचलं नाही, तर चिन्ह गेलं. उमेदवार मग अपक्ष. मुंबईहून येताना मनमाडला गाडी बदलून मीटरगेजनं औरंगाबाद, परभणी, नांदेड. बीड शहरात तेव्हा रेल्वेच नव्हती. लातूर तेव्हा उस्मानाबाद जिल्ह्यातलं तालुक्याचं गाव. असं पत्र टपालावर सोडायचं नसतं. माणूस पाठवायचा, आणि शेवटच्या गाडीनं नव्हे, त्याच्या आदल्या गाडीनं.

दिवसा गावात माणूस सापडायचा नाही. ज्वारीची काढणी, हरभरा, गहू. सगळे रानात नाहीतर खळ्यावर. म्हणून दिवसा खळ्यावर जाऊन चार शब्द, आणि सभा रात्री जेवणं आटोपल्यावर, मारुतीच्या पारावर. मार्चच्या सुरुवातीला होळीपौर्णिमा होती. त्या चांदण्यात दूरची वाडीवस्ती उरकली, म्हणजे कंदिलाचं तेलही वाचलं. मतदान अमावास्येच्या तोंडावर, त्यामुळे शेवटच्या आठवड्यात रात्री लांबची गावं घेतली नाहीत.

भीती अजून गेलेली नव्हती. आणीबाणी लागूच होती. नसबंदीच्या कोट्यांनी पोळलेले शिक्षक, ग्रामसेवक उघड काही बोलत नसत. पैसे द्यायचे, पण पावतीवर नाव नको म्हणायचे. आम्ही आग्रह केला नाही, आणि तेच बरोबर होतं.

भिंतीवर नांगरधारी काढणं अवघड. चक्र, माणूस, नांगर एवढं सगळं नवख्याला जमत नाही, गेरूचा नुसता गोळा होतो. पत्र्याचा साचा कापून गेरू आणि नीळ वापरली की गावातला पोरगाही काढू शकतो.

मतदान प्रतिनिधी नेमताना आत बसणारा एक आणि त्याला सोडवायला दोन, अशी तीन नावं दिली. त्याला शिकवायचं ते इतकंच : मतदान सुरू होण्याआधी पेटी रिकामी आहे हे डोळ्यांनी बघ, कागदी सीलवर सही कर, नंबर लिहून घे. तोतया मतदार वाटला तर हरकतीचे २ रुपये खिशात सुटे ठेव. ते नसले तर हरकत तोंडातच राहते. पक्षाचं टेबल मतदान केंद्रापासून १०० मीटरच्या बाहेर लावायचो. मतदारांना बैलगाडीत घालून आणायचं नाही, तो भ्रष्टाचार ठरतो आणि जिंकलेली निवडणूकही कोर्टात जाऊ शकते.

बायाबापड्यांना मतपत्रिकेची घडी घालायची तालीम साध्या कागदावर दिली : आधी उभी, मग आडवी. नाहीतर ओली शाई दुसऱ्या चिन्हावर उमटायची. मतपत्रिकेवर मारायचा बाणफुलीचा शिक्का असा असायचा की उमटलेली छाप उलटी दिसायची आणि मूळ कोणती ते कळायचं. पण मोजणीच्या टेबलावर हे ठासून सांगणारा माणूस हवा असायचा. तो नसला की मत बाद गठ्ठ्यात जायचं.

मराठवाड्यातल्या ८ पैकी ७ जागा काँग्रेसच्या हातून गेल्या, उस्मानाबाद राहिली. बाद गठ्ठे आम्ही एकेक मतपत्रिका करून पाहिले. काहींवर शिक्का दोन चिन्हांवर होता, एक गाय-वासरावर आणि एक आमच्यावर.